ताईंची नसलेली दोरी

आमच्या मागच्या खोलीत ज्या ताई राहायच्या त्या नक्की काय शिकत होत्या, हे मला आजपर्यंत नीट सांगता येत न्हाई. लोक विचारायचे. रावेतमधी घरमालकाला आपला भाडेकरू काय करतो एवढं तरी माहीत पाहिजे, न्हाईतर बरं दिसत न्हाई. मग मी दर वेळी वेगळं सांगायचो. एकाला सांगितलं वकिली. एकाला सांगितलं नर्स. टँकरवाल्याला सांगितलं बाई सीआयडीत हायेत, तर तेव्हापास्नं टँकर वेळेवर यायला लागला.

त्यांनी मला समजावलं नव्हतं असं न्हाई. लई वेळा समजावलं. पण माझं शिक्षण चौथी, आन् ती पण गुरुजींनी कंटाळून पुढं ढकललेली.

"दादा, मोठ्या कॉलेजात पोरं-पोरी हॉस्टेलला राहतात," त्या सांगायच्या. "घर सोडून आलेली असतात. कुणाचं मन लागत नाही, कुणी नापास होतं, कुणाचं घरी पटत नाही. त्यांच्यासाठी कॉलेज एक माणूस ठेवतं. तो माणूस व्हायचं शिक्षण आहे हे. एम. ए."

"म्हणजे पोरांना चार शब्द सांगायचे."

"सांगायचं नाही. ऐकायचं."

"आन् ऐकायला दोन वर्षं शिकायचं?"

"दोन वर्षं पुरत नाहीत, असं आमच्या कॉलेजच्या मॅडम म्हणतात."

मी म्हटलं, आमची मंडळी लग्नापास्नं माझं ऐकती, तिला कुणी डिग्री दिली न्हाई. तर मंडळी आतनं म्हणाली, "मी ऐकत न्हाई. सोडून देते."

ताई लातूरकडच्या. चाळिशी गाठलेली. आधी चाकणला गाडीच्या वायरिंगच्या कंपनीत होत्या. तिथं साध्या कामगार म्हणून लागल्या आन् लाइन लीडर झाल्या. सगळ्या बायांची लाइन, ह्या त्यांच्या वर. शिफ्ट करता करता बाहेरनं बी. ए. केलं, आन् मग एक दिवस चांगली परमनंट नोकरी सोडून ह्या ऐकायच्या शिक्षणाला बसल्या. आमच्या आळीत पोरं परमनंट व्हायला देवाला नवस बोलत्यात. मी विचारलं, "ताई, डोक्याला मार बिर लागला होता का?" तर म्हणाल्या, "लाइनवर एक पोरगी होती दादा. वायरी जोडताना रडायची. मी तिला रोज सांगायची, रडू नको, टार्गेट बघ. एक दिवस आलीच नाही. परत कधीच आली नाही." एवढंच. पुढं काय झालं, पोरगी कुठं गेली, काय न्हाई. मी वाट बघत बसलो, तर त्यांनी भाजी निवडायला घेतली.

कंपनी सोडली, पण कंपनी त्यांच्यातनं गेली न्हाई. त्यांच्या लाइनीवर म्हणे वरनं एक दोरी लोंबत असायची. कुणाला खराब पीस दिसला की ओढायची. लाल दिवा लागतो, समदी लाइन थांबते, साहेब पळत येतो. प्रोडक्शन बुडलं तर बुडलं, पण खराब पीस पुढं जाऊ द्यायचा न्हाई. तर ती दोरी ह्यांनी आमच्या घरात आणली. म्हणजे दोरी नव्हतीच. बोलता बोलता आपलं काय चुकलं असं वाटलं की ताई गप्प व्हायच्या, उजवा हात डोक्याच्या वर न्यायच्या आन् हवेतच खाली ओढायच्या. "लाइन थांबली," म्हणायच्या. मग जरा वेळानं पुन्हा पहिल्यापास्नं बोलायच्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पंख्याचं बटन शोधतायत. मी उठून पंखा लावून दिला.

सगळ्यात जास्त दोरी ओढायच्या त्या 'कामून'वर. त्यांच्याकडं 'का'ला कामून म्हणत्यात. कंपनीत खराब पीस आला की विचारायचं कामून, त्याचं उत्तर आलं की त्याच्यावर परत कामून, असं खणत खणत मुळापर्यंत जायचं. इतक्या वर्षांची सवय. आन् कॉलेजात शिकवलं, माणसाला कामून विचारायचं न्हाई. तो आरोपीसारखा बसतो, म्हणे. आता झाली का पंचाईत. दूधवाला उशिरा आला, ह्यांच्या तोंडातनं निघालं, "कामून उशीर?" की लगेच हात वर. दूधवाला पण वर बघायचा. मग ह्या म्हणायच्या, "आज तुम्हाला उशीर झाला." दूधवाला म्हणायचा, "व्हय." ह्या म्हणायच्या, "आणि तुम्ही दमलेले दिसायलात." आन् तो बाबा किटली खाली ठेवून बोलायला लागायचा. आमचं दूध उन्हात.

हे आणखी एक. तुमी जे बोलाल तेच त्या जरा फिरवून तुमालाच परत द्यायच्या. मी म्हटलं, "ताई, आज डोकं उठलंय." तर, "तुमचं डोकं उठलंय." मी म्हटलं, "मी तेच म्हटलं." तर, "मी तेच बोलले असं तुम्हाला वाटायलंय." चार दिवस मला वाटलं बाई माझी नक्कल करत्यात. मी त्यांची नक्कल केली. त्यांनी माझ्या नकलेची नक्कल केली. मंडळीनं बाहेर येऊन विचारलं, तुमी दोघं काय करताय.

ऐकायला बसायचं त्यांचं एक स्टूल होतं. इतकं बुटकं की बसल्यावर माणसाचे गुडघे कानाला लागतील. येणाऱ्याला खुर्ची, आपण स्टुलावर. समोरचा वर पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आन् उठताना प्रत्येकाला एकच प्रश्न. शिफ्ट बदलताना मशीन सोडणारा पुढच्याला सगळं सांगून जातो ना, तसलं. "आज इथं काय ठेवून चाललात, आणि काय घेऊन चाललात?" गॅसवाल्यालासुद्धा सोडलं न्हाई. तो सरळ माणूस. म्हणाला, "भरलेली टाकी ठेवली, रिकामी घेऊन चाललो." ताई म्हणाल्या, "लई चांगलं बोललात." त्या बिचाऱ्याला कळंना, पावती द्यायची का न्हाई. मला विचारलं की मी सांगायचो, चप्पल ठेवत न्हाई ताई, घेऊनच जातो.

एकदा मोरीचा नळ गळत होता म्हणून प्लंबर बोलावला. बराच वेळ आवाज न्हाई म्हणून बघायला गेलो, तर प्लंबर खुर्चीत, ताई स्टुलावर, आन् प्लंबर पान्हा मांडीवर ठेवून डोळे पुसतोय. नळ गळतोयच. मी म्हटलं, "भावा, दोन दोन ठिकाणी गळतंय. निदान एक तरी बंद कर." प्लंबर हसला. डोळे पुसून उठला, नळ करून दिला, गेला. मला वाटलं, चला, काम झालं, माणूस पण हसला. वळून बघतो तर ताईंचा हात वर. दोरी ओढलेली.

"आता तुमचं काय चुकलं?" मी विचारलं.

"माझं नाही," त्या म्हणाल्या.

मला कळंना. हसवलं तर खराब पीस कसा झाला?

आता मुद्द्याचं सांगतो. त्यांच्या शिक्षणात एक परीक्षा असती. खऱ्या माणसाला समोर बसवायचं, त्याच्या परवानगीनं समदं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं, आन् ते गाईड मॅडमनी ऐकून पास करायचं. तेव्हा ताई एका मुलींच्या हॉस्टेलात शिकाऊ म्हणून जायच्या. कुठलं हॉस्टेल ते त्यांनी कधी सांगितलं न्हाई, तिथल्या पोरींचं तर नाव न्हाई की गाव न्हाई. "तिकडचं इकडं नाही, इकडचं तिकडं नाही," एवढंच म्हणायच्या. रेकॉर्डिंग पास झालं तर त्याच हॉस्टेलात त्यांना जागा मिळणार होती. न्हाई झालं तर सहा महिने मागं, आन् जागा दुसऱ्याला. साठवलेलं संपत आलं होतं. जेवणात नुसता डाळ-भात दिसायला लागला होता.

आळीत कुणी बसायला तयार होईना. बसलो तर लोक म्हणतील डोक्यात फरक हाय. मी म्हटलं, माझ्याबद्दल लोक म्हणतातच, मी बसतो. ताई म्हणाल्या, घरमालक चालतो का ते मॅडमना विचारते. मॅडम म्हणाल्या, ह्या वेळी चालवून घेऊ.

आता मी पण काही दिवस कंपनीत हेल्पर होतो. ऑडिट म्हणजे काय मला माहीत हाय. ऑडिटवाले यायच्या आधी समद्यांनी उत्तरं पाठ करायची, तोंड हसरं ठेवायचं, आन् ज्याला पाठ होत न्हाई त्याला स्क्रॅप यार्डात बसवायचं. मला स्क्रॅप यार्डच मिळायचं. मागच्या गेटनं आत घ्यायचे. तेव्हा मी ठरवलं, ताईंच्या ऑडिटला आपण कमी पडायचं न्हाई. एक चांगलं दुःख तयार केलं. भावानं जमीन लाटली, आईला बघायला येत न्हाई, झोप लागत न्हाई. आरशासमोर दोनदा रडून बघितलं. मंडळी म्हणाली, दात दुखतोय का?

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी असा रडलो की फोन भिजंल. ताई हळूहळू बोलत होत्या, मी हळूहळू बरा होत होतो. शेवटी म्हटलं, "ताई, तुमच्यामुळं मला नवा जन्म मिळाला. भावाला मी माफ केलं." वर त्यांच्या मॅडमना नमस्कार पण सांगितला.

मॅडमनी ते नापास केलं. म्हणाल्या, हा माणूस बरा व्हायच्या लई घाईत हाय, हा तुम्हाला खूश करतोय.

ताई आल्या, स्टुलावर बसल्या. "दादा, तुमचा भाऊ कुठं असतो?"

"मला भाऊच न्हाई ताई."

आन् ताई हसल्या. मिक्सरमधी चमचा राहिल्यावर जसा आवाज येतो तसं हसायच्या त्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "मॅडमनी अजून एक संधी दिली आहे. एकच. तुम्ही काही तयार करून येऊ नका. नुसतं या."

नुसतं या म्हणणं सोपं हाय. खुर्चीत बसलो तर माझ्याकडं एक पण दुःख तयार न्हाई. फोन मधी ठेवलेला, चालू. बाहेरनं भंगारवाला ओरडत गेला. मी म्हटलं, "ताई, ह्याला हाक मारू का? मला घेऊन जाईल." ताई हसल्या न्हाईत. रागावल्या पण न्हाईत. नुसत्या गुडघे कानाला लावून बसलेल्या. "बोललंच पाहिजे असं नाही दादा," म्हणाल्या.

मग मी किती वेळ गप्प होतो ठाऊक न्हाई. मी आन् गप्प. तोंडातनं एकदम निघालं, "बंगलोर न्हाई, ताई."

"बंगलोर नाही."

आता हे तुमाला सांगायचं राहिलं. आमची बारकी, म्हणजे आमची एकुलती एक पोरगी, इंजिनिअरिंगला हाय. मी समद्यांना सांगायचो बंगलोरला असती, लांब हाय, येणं परवडत न्हाई. ताईंना पण तेच सांगितलेलं. ताई राहायला आल्यापास्नं बारकी एकदा पण घरी आली नव्हती, तर काहीतरी सांगायला नको?

"हितंच हाय," मी म्हटलं. "स्कूटरवर अर्धा तास. हॉस्टेलला हाय. आईला भेटती. मी आईला गेटवर सोडतो आन् बाहेर वडापाव खात थांबतो. घरी येत न्हाई."

"ती घरी येत नाही."

"पहिल्या वर्षी गणितात गेली. तोंड पाडून बसली होती. म्हटलं हिला हसवावं. पेढे आणले, आळीत वाटले. म्हटलं घ्या, पोरगी नापास झाली, घराण्याचं नाव राखलं. लोक लई हसले. ती पण हसली ताई. मी बघितलं ना, दात दिसले. मग त्याच महिन्यात म्हणाली, जाण्यायेण्यात वेळ जातो, हॉस्टेलला राहते. मला काही कळंना ताई. रडली असती तर कळलं असतं. ती हसली होती."

"ती हसली होती," ताई म्हणाल्या, "आणि त्यानंतर ती—"

"तुमी बी तिला ओळखता का, असं मला कधी कधी वाटतं, इतकं तुमी बरोबर बोलता," मी म्हटलं. खरं तर मी असंच म्हटलं, माझ्या तोंडाला काही कुलूप हाय का. आन् पुढं मी बारकीचं कागदावरचं नाव सांगितलं, कुठल्या कॉलेजला, कुठल्या ब्रँचला ते पण सांगितलं. म्हटलं एकदा खरं सांगायचं तर पूर्ण सांगावं.

ताईंचा हात वर गेला. हवेतली दोरी त्यांनी अशी ओढली की मला वाटलं छत खाली येतंय. आन् फोन बंद केला.

"दादा, मला पुढं ऐकता येणार नाही."

"कामून?" मी त्यांचाच शब्द वापरला.

"ते पण सांगता येणार नाही."

"आवाज नीट आला न्हाई का? परत बोलू? पहिल्यापास्नं बोलतो."

"नाही दादा. परत नका बोलू. मी एका सरांचा पत्ता देते, त्यांच्याकडं बोला. चांगले आहेत."

आता मला सांगा, माणसाला काय वाटंल? खोटं बोललो तर सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो तर मशीन बंद. म्हणजे मी खोटाच बरा होतो? त्या सरांकडं मी गेलो न्हाई. आळीत सांगत सुटलो, बाई दोन वर्षं शिकल्या, शेवटी बटन बंद करायला शिकल्या. लोक हसले. मला मजा आली न्हाई.

मॅडमना ते अर्धं रेकॉर्डिंग पण त्यांनी दिलं न्हाई. पुसून टाकलं. हॉस्टेलातली जागा गेली, सहा महिने गेले. माझ्याबद्दल एक वाईट शब्द न्हाई, भाडं पहिल्यासारखं वेळेवर, मी दिसलो की "जेवलात का दादा." मी "व्हय" म्हणायचो आन् पुढं व्हायचो. मंडळी म्हणाली, "बाईनं स्वतःचं नुकसान केलंय. उगाच कुणी करतं का?" मी म्हटलं, "मग कामून केलं?" ती म्हणाली, "तुमाला कळलं असतं तर तुमी चौथीत का अडकला असता."

नंतर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला बसवून त्या पास झाल्या. नाशिककडं एका कॉलेजात नोकरी लागली. सामान टेम्पोत चढवताना स्टूल तसंच दारात राहिलं. मी उचलून द्यायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे."

मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "ताई, काय ठेवून चाललात आन् काय घेऊन चाललात?"

"स्टूल ठेवलं."

"आन् घेऊन?"

ताई टेम्पोवाल्याशेजारी चढून बसल्या. "ते सांगता येत नाही दादा."

जाता जाता पण कोडंच.

मधी काही महिने गेले. एका रविवारी दारात बारकी उभी. मला वाटलं मंडळीनं बोलावली असंल. तर न्हाई, हॉस्टेलला पाणी नव्हतं, आंघोळीला आली होती. आंघोळ झाली, जेवली, आन् ओटीवरच्या खुर्चीत केस वाळवत बसली. मी कुठं बसू, काय करू, मला कळंना. मागच्या खोलीतनं ते बुटकं स्टूल आणलं आन् खाली बसलो. गुडघे कानाला.

ती म्हणाली, "परीक्षा जवळ आलीय. भीती वाटते."

माझ्या तोंडात एकदम तीन जोक आले राव. एकापेक्षा एक चांगले. अजून मला पाठ हायेत. मी ते गिळले. म्हटलं, "तुला भीती वाटती."

तिनं केस वाळवायचं थांबवलं. "पप्पा, तब्येत बरी आहे ना?"

"माझी तब्येत बरी हाय का, असं तुला वाटायलंय."

"आई, पप्पांना काय झालंय?"

पण बोलली. थोडंच बोलली, गणिताचं, रूममधल्या पोरीचं, आन् मधी एकदा पेढ्यांचं पण. ते मी इथं सांगणार न्हाई. तिकडचं इकडं न्हाई. मी तेच तेच परत म्हणत होतो, चुकत होतो, पण ती बोलत राहिली.

चार वाजता निघाली. एक बूट घातला, दुसरा घालत होती, तेवढ्यात मी म्हटलं, "बारके, आज इथं काय ठेवून चाललीस, आन् काय घेऊन चाललीस?"

बूट हातातच राहिला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मागच्या खोलीत एक ताई राहायच्या. लातूरकडच्या."

"वायरिंगच्या कंपनीत होत्या? बोलताना असं करायच्या?" तिनं हात वर नेला आन् हवेतली दोरी ओढली.

"व्हय."

"त्या इथं राहायच्या? आपल्याकडं?"

एका पायात बूट, एक पाय उघडा, तशीच मागच्या खोलीपर्यंत गेली. रिकामी खोली. दारात उभी राहून बघत होती. मी तिच्या मागं. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला, तो पण अर्धाच. म्हणजे ताईंनी पोरीचं पण ऐकलं होतं. माझं ऐकायला लागल्या, नाव कळलं, आन् दोन्हीकडचं एका माणसाच्या पोटात नको म्हणून लाइन थांबवली. आपलं प्रोडक्शन बुडवून. पोरीनं त्यांना काय सांगितलं होतं, मी जे सांगितलं त्याच्याशी ते जुळत होतं का न्हाई, त्या नाशिकला काय घेऊन गेल्या, मला काही कळलं न्हाई. विचारावंसं लई वाटलं. पण कामून विचारायचं न्हाई.

बारकी परत आली, बूट घातला, बॅग उचलली. मग बॅगेतनं एक भलं मोठं गाठोडं काढून ओटीवर ठेवलं.

"हे ठेवून चालले," म्हणाली. "धुवायचे कपडे आहेत. पुढच्या रविवारी न्यायला येते."

हॉस्टेलला पाणी नसताना गोळा झालेली सगळी मळकी कापडं. इतका मोठा ढीग, इतका चांगला जोक, आयता समोर आलेला. माझं तोंड उघडलं पण होतं. पण हात आधी वर गेला, आन् मी ओढली दोरी.